सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा छोटा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनीअरिंगची मुलं, नोकरी सांभाळून काहीतरी सुरू करू पाहणारे आणि निवृत्तीनंतर सोल्डरिंगच्या आवडीचा धंदा करावा म्हणणारे लोक मुंबईतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले भाव हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत, त्यांच्या जागी आपले आकडे टाकून पाहा. कराचे नियम बदलत राहतात. पैसे गुंतवण्याआधी सीएशी एकदा बोलून घ्या.

१. या धंद्यात खरंच पैसे आहेत का? रुपयाचा रेझिस्टर विकून काय सुटणार?

पैसे आहेत, पण रेझिस्टरमध्ये शोधू नका. पाव वॅटचा रेझिस्टर हजारात घेतला तर समजा वीस पैशांना पडतो आणि सुटा रुपयाला जातो. टक्क्यांत पाहिलं तर मार्जिन प्रचंड आहे. आता ग्राहकाने दोनच मागितले तर काय होतं ते बघा. कुणीतरी उठून ४.७ के (४,७०० ओहम) चा डबा काढतो, कागदी पट्टीवरचे दोन मोजतो, कात्रीने कापतो, पाकिटात घालतो, पाकिटावर व्हॅल्यू लिहितो आणि डबा जागेवर ठेवतो. यात एक मिनिट जातं. महिना १८,००० पगार आणि २६ दिवस आठ तास धरले तर एका मिनिटाची मजुरी १.४४ रुपये होते. म्हणजे माल चाळीस पैशांचा आणि मजुरी जवळजवळ दीड रुपयाची. म्हणूनच शहाणा दुकानदार रेझिस्टर दहाच्या पाकिटात विकतो.

माझं या धंद्याबद्दलचं ठाम मत असं की आपण माल विकतो त्यापेक्षा मोजून देणं, शोधून देणं आणि 'तुमच्या सर्किटला हा चालेल' ही खात्री जास्त विकतो. खर्चाचा हिशेबही तिथूनच मांडावा लागतो. खरेदीत दोन पैसे कसे वाचवायचे याचा घोर सगळेच लावून घेतात, पण वेळ आणि पडून राहिलेला माल यांचा हिशेब फार थोडे जण ठेवतात.

२. एका ऑर्डरवर हातात नेमकं किती उरतं?

२५० रुपयांची ऑर्डर घेऊ. कुरिअरचा खर्च ग्राहक वेगळा देतो असं धरू. बहुतेक भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे २५० मधले ३८ रुपये सरकारचे. आपले उरले २१२. मालाची खरेदी कर सोडून १२७. फरक ८५. दहा-बारा वेगवेगळ्या वस्तू काढून पॅक करायला १२ मिनिटं लागली, म्हणजे १७ रुपये मजुरी. खोका, बबल रॅप, अँटिस्टॅटिक पाकीट, लेबल मिळून १०. पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के, म्हणजे ५. चुकून गेलेले, खराब निघालेले, बदलून द्यावे लागलेले भाग धरून ६. हातात राहिले सुमारे ४७.

गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट, सीएची फी असा स्थिर खर्च महिना ४०,००० असेल तर तो निघायलाच साधारण ८५० ऑर्डर लागतात, म्हणजे रोज तेहतीस. तेवढ्या पॅक करायला १७० तास जातात. एका माणसाचा महिना जवळजवळ त्यातच संपतो आणि मालकाला अजून रुपया मिळालेला नसतो. हे गणित धंदा सुरू करण्याआधी कागदावर मांडा. घरातून सुरुवात करण्याचा आग्रह मी का धरतो ते त्यातून लगेच कळेल (प्रश्न १० पाहा).

३. मग किमान ऑर्डर किती ठेवावी?

ऑनलाइनसाठी ३०० ते ५००च्या दरम्यान. वरचाच हिशेब ५०० रुपयांच्या ऑर्डरला लावला तर वस्तू दुप्पट होत नाहीत, बहुतेक वेळा नग वाढतात. पॅकिंगला १२ऐवजी १५ मिनिटं लागतात. सगळं वजा जाऊन ११३ च्या आसपास उरतात, म्हणजे दुपटीपेक्षा बरेच जास्त. काउंटरवर मात्र किमान ऑर्डर ठेवू नये. सबमिशनच्या आदल्या दिवशी एक ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) मागायला आलेला मुलगा पुढची चार वर्षं आपला असतो.

४. सुरुवातीला किती भांडवल लागतं आणि पहिला माल कोणता भरावा?

जेवढं भांडवल असेल त्याचे तीन वाटे करा. निम्मं पहिल्या मालाला, उरलेल्यातलं अर्धं पुन्हा माल भरायला आणि अर्धं सहा महिन्यांच्या खर्चाला. सगळे पैसे पहिल्या खरेदीत घातले की तिसऱ्या महिन्यात जो भाग सर्वांत जास्त खपतो नेमका तोच संपलेला असतो आणि खिसा रिकामा असतो.

माल भरताना 'संपूर्ण मालिका' आणि 'जास्त साठा' यात फरक करा. १० ओहमपासून १ मेगओहमपर्यंत ई१२ मालिकेत (प्रमाणित व्हॅल्यूंची मालिका, दर दहापटीत बारा) ६१ व्हॅल्यू येतात. प्रत्येकी हजार घेतले तर वीस पैशांच्या भावाने १२,२०० रुपये अडकतात. प्रत्यक्षात २२० ओहम, ३३०, १ के, ४.७ के, १० के, १०० के अशा थोड्याच व्हॅल्यू धावतात. अशा बारा व्हॅल्यू हजार-हजार आणि बाकीच्या ४९ दोनशे-दोनशे घेतल्या तर सुमारे साडेचार हजारांत काम होतं. ग्राहकाला दुकानात सगळं मिळतं हा अनुभव तसाच राहतो. १एन४००७ डायोड, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ५५५ टायमर, ७८०५, बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), जंपर वायर, ब्रेडबोर्ड आणि लाल-हिरवे एलईडी हा रोजचा माल. तो संपू देऊ नका. एसएमडीच्या (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या बारीक भागांच्या) वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका. रेझिस्टरची एक रीळ सहसा ५,००० नगांची आणि एसओटी-२३ आकाराच्या ट्रान्झिस्टरची ३,०००ची असते. छंदाच्या ग्राहकाला त्यातले वीस हवे असतात.

५. माल लॅमिंग्टन रोडवरून घ्यावा, अधिकृत वितरकाकडून की थेट चीनमधून?

तिन्हीकडून, वेगवेगळ्या कामांसाठी. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजेच लॅमिंग्टन रोडवर, गेलं की सकाळी संपलेला माल दुपारी हातात येतो, थोड्या नगांतही मिळतो आणि ओळख झाली की पंधरा दिवसांची उधारीही मिळते. भाव थोडा जास्त पडतो, पण पैसा अडकत नाही. या सोयीची किंमत नवे लोक कमी लेखतात. अधिकृत वितरकाकडे माल अस्सल असल्याचा कागद मिळतो. मायक्रोकंट्रोलर, ऑप-अँप, व्होल्टेज रेफरन्स आणि जिथे नकली मालाने ग्राहकाचं पूर्ण सर्किट बंद पडू शकतं असे भाग तिथूनच घ्यावेत. चीनमधून मॉड्यूल, सेन्सर, डिस्प्ले स्वस्त पडतात, पण पैसे आधी जातात आणि माल काही आठवड्यांनी येतो.

पक्कं बिल नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय) मिळत नाही आणि खराब निघाला तर दाद मागायला जागा नसते.

६. जो मॉड्यूल चीनमध्ये ५० रुपयांना दिसतो तो तुम्ही १३० ला का विकता?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि रागाने विचारला जातो, म्हणून पूर्ण हिशेब देतो. ५० रुपयांचे ४०० नग म्हणजे २०,००० चा माल. कुरिअरचं भाडं ६,०००. कस्टम्सच्या मूल्यांकन नियमांनुसार हवाई भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरलं जात नाही, म्हणून ४,०००. विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे २२५. करासाठीचं मूल्य २४,२२५. माल १० टक्के बेसिक ड्यूटीच्या वर्गातला असेल तर ड्यूटी २,४२३ आणि तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २४२. या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) ४,८४०.

आयजीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण ड्यूटी आणि अधिभार मिळत नाहीत. म्हणजे खरा खर्च २०,००० + ६,००० + २,४२३ + २४२ = २८,६६५. नग पडला ७१.६६ ला. त्यात कुरिअर कंपनीचं क्लिअरन्सचं बिल, बँकेचा परकीय चलनाचा चार्ज आणि न चालणारे नग धरले की ७६ होतात. दुकानाचा सगळा खर्च त्यावर ४५ टक्के धरून ११० आणि जीएसटीसह १३०.

रेझिस्टर, कॅपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी यांवर बेसिक ड्यूटी सहसा शून्य असते, तयार उपकरणं, मोटारी आणि कनेक्टर यांचं तसं नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी प्रत्येक वस्तूचा एचएसएन कोड (करासाठीचा वर्गवारी क्रमांक) काढून दर बघा. एकाच खोक्यातल्या दोन वस्तूंना वेगळे दर लागणं नेहमीचं आहे.

७. नातेवाइकाकडून 'गिफ्ट' म्हणून पार्सल मागवलं तर ड्यूटी वाचते ना?

नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. विक्रीचा माल भेट म्हणून दाखवणं ही खोटी घोषणा ठरते. डीजीएफटीकडून (परकीय व्यापार महासंचालनालय) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढा. फी ५०० रुपये आहे आणि कोड एकदाच मिळतो, फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर माहिती अद्ययावत करावी लागते. ते राहिलं तर कोड निष्क्रिय होतो आणि पार्सल सहारच्या विमानतळावर अडकल्यावरच ते लक्षात येतं.

८. माझी विक्री कमी आहे. जीएसटी नंबर घ्यावाच लागेल का?

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही. पण अपवाद महत्त्वाचे आहेत. राज्याबाहेर करपात्र मालाचं एक पाकीट पाठवलं तरी नोंदणी सक्तीची होते. म्हणजे बेळगावच्या ग्राहकाला शंभर रुपयांचे सेन्सर पाठवायचे तरी नंबर हवा. दुरुस्ती, पीसीबी डिझाइन किंवा थ्रीडी प्रिंटिंगची सेवाही देत असाल तर मर्यादा ४० नाही, २० लाख. दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्यांना पूर्वी सरसकट सक्ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना अटींसह सूट आहे.

कायद्याने गरज नसली तरी मी नंबर घ्या असंच सांगेन. आपण प्रत्येक खरेदीवर १८ टक्के भरतोच, क्रेडिट नसेल तर तो सगळा कर आपल्या किमतीत बसतो. शिवाय कॉलेज आणि कंपन्या जीएसटी बिलाशिवाय ऑर्डर देत नाहीत. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर रिटर्न तिमाही भरता येतात.

९. कंपोझिशन योजना घेतली तर सगळं सोपं होईल का?

कागदपत्रं सोपी होतात, धंदा अवघड होतो. दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्याला एक टक्का भरून मोकळं होता येतं, पण राज्याबाहेर विक्री बंद, इनपुट क्रेडिट बंद आणि ग्राहकाला कर वेगळा लावता येत नाही. आयात करणाऱ्याचा सगळा आयजीएसटी खर्चात जातो (प्रश्न ६ मधले ४,८४० आठवा). फक्त काउंटरवर, फक्त आसपासच्या मुलांना विकणाऱ्यालाच ती परवडते.

१०. घरातून चालेल का, की गाळा घ्यावा?

महिन्याला तीन-चारशे ऑर्डर होईपर्यंत घरच बरं. एक लोखंडी रॅक, ड्रॉवरचे डबे आणि एक टेबल पुरतं. सोसायटीला आधी सांगा. ग्राहकांची ये-जा आणि रात्रीची पॅकिंग टेप यावरून शेजाऱ्यांची कुरबुर होते, ती कमिटीच्या एका चांगल्या माणसाशी बोलून टळते. जीएसटीसाठी वीज बिल आणि घरमालकाचं संमतीपत्र लागतं. गुमास्ता आता पूर्वीसारखं किचकट नाही. २०१७ च्या कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी पडते.

गाळा घ्यायचाच झाला तर रस्त्यावरच्या दुकानाचं भाडं भरू नका. विक्री ऑनलाइन असेल तर औद्योगिक वसाहतीतला वरच्या मजल्यावरचा गाळा चालतो, फक्त कुरिअरवाला रोज येतो ना आणि मालाची लिफ्ट चालू असते ना, एवढं बघा.

११. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार माझ्या खरेदीभावात विकतो. मी कसा टिकणार?

त्याच्याशी भावात भिडू नका. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत पागडीचे गाळे बरेच आहेत. तिथलं भाडं आजच्या बाजारभावाच्या जवळपासही नसतं. त्याची खरेदी पेटीत असते, कारण तो दुरुस्तीवाल्यांना आणि छोट्या कारखान्यांना घाऊक देतो. किरकोळ ग्राहक त्याच्यासाठी वरकड आहे. गर्दीच्या वेळी 'भाऊ, या सेन्सरला पुल-अप लागतो का?' या प्रश्नाला त्याच्याकडे वेळ नसतो. आपली जागा नेमकी तिथे आहे. प्रत्येक वस्तूबरोबर पिनआउट, मराठी किंवा सोप्या इंग्रजीतली दोन ओळींची सूचना आणि तपासलेला नमुना कोड द्या. त्यासाठी ग्राहक दहा-पंधरा रुपये आनंदाने जास्त देतो आणि पुढच्या वेळी भाव न विचारता येतो.

१२. धंदा वर्षभर सारखा चालतो का?

मुळीच नाही, आणि खरेदीचं वेळापत्रक यावरच बसवावं लागतं. गणपतीआधी मखराच्या रोषणाईसाठी डब्ल्यूएस२८१२बी पिक्सेल पट्ट्या, छोट्या गिअर मोटारी आणि अडॅप्टर जातात. मंडळांचे कार्यकर्ते शेवटच्या आठवड्यात येतात आणि जे हातात असेल ते उचलतात. डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या स्पर्धांमुळे मोटर ड्रायव्हर आणि चाकं खपतात. खरा हंगाम मार्च-एप्रिलचा, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा. मे महिना रिकामा जातो.

अडचण अशी की मार्चच्या हंगामाआधीच चिनी नववर्षाच्या सुट्टीत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, तिथले कारखाने बंद असतात. म्हणून मार्चचा आयातीचा माल डिसेंबरातच मागवावा लागतो. म्हणजे तीन महिने पैसा अडकणार, हे प्रश्न ४ मधल्या दुसऱ्या वाट्यात धरून ठेवा.

१३. मुंबईच्या पावसाळ्यात माल खराब होतो का?

होतो, आणि तो खर्च कुठल्याही वहीत वेगळा दिसत नाही. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. उघड्या डब्यातल्या बर्ग स्ट्रिपच्या पिना काळपट पडतात, कॉपर क्लॅड बोर्ड तपकिरी होतो, सोल्डर पसरत नाही आणि ग्राहक म्हणतो माल जुना आहे. एसएमडी आयसीचं दुखणं वेगळं. एमएसएल ३ (ओलाव्याला आयसी किती नाजूक आहे याचा दर्जा) असलेली आयसी सीलबंद पाकिटातून काढल्यावर १६८ तासांत सोल्डर व्हायला हवी आणि तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. आपल्या गाळ्यात जूननंतर ती अट पाळलीच जात नाही. ओल शोषलेली आयसी रिफ्लोच्या (भट्टीत सोल्डर वितळवण्याच्या) उष्णतेत आतून तडकते. १२५ अंशांवर भाजून ओल काढता येते, पण रिळेच्या प्लॅस्टिक टेपला ते तापमान सोसत नाही. टेपसकट सुकवायचं तर ४० अंशांवर अनेक दिवस ठेवावं लागतं.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचे डबे घ्या, प्रत्येकात सिलिका जेल टाका. रंग बदलणारे दाणे घेतले तर कधी सुकवायचे ते कळतं. मे महिन्यातच सगळी पाकिटं बंद करा. तळमजल्यावर असाल तर सर्वांत खालची फळी जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. विमा घेताना पुराचं कलम त्यात आहे का, ते वाचून घ्या.

१४. नकली माल कसा ओळखायचा?

भाव बघूनच निम्मं काम होतं. ९,९०० एमएएच लिहिलेला १८६५० लिथियम सेल नकलीच आहे, कारण या आकारात चांगल्या कंपनीचा सेल ३,५०० च्या आसपास थांबतो. एलएम२५९६ या व्होल्टेज कमी करणाऱ्या आयसीची स्विचिंग फ्रिक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ असते. स्वस्त मॉड्यूलवर ऑसिलोस्कोप लावला की बऱ्याचदा ५०च्या आसपास दिसते. घासून पुन्हा छापलेली आयसी असेल तर कापसावर अॅसिटोन घेऊन वरचा भाग पुसा, काळा थर उतरला की कळतं.

नकली विकण्याची किंमत ग्राहक भरतो. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने तिच्या एफटी२३२ या यूएसबी चिपच्या नकलांची ओळखच बदलून टाकली आणि जगभर लोकांचे यूएसबी बोर्ड बंद पडले. सीएच३४० ही त्याच कामाची, पण स्वतःच्या नावाने विकली जाणारी स्वस्त चिप आहे, ती तशीच सांगून विका. 'क्लोन आहे' असं पाटीवर लिहिल्याने विक्री कमी होत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे.

१५. मग 'आर्डुइनो' म्हणून क्लोन बोर्ड विकणं चालतं का?

आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचं डिझाइन खुलं आहे, ते कुणीही बनवू आणि विकू शकतो. नाव आणि चिन्ह मात्र ट्रेडमार्क आहेत. 'आर्डुइनो ऊनोशी सुसंगत' असं लिहा, त्यांचं चिन्ह छापलेला क्लोन ठेवू नका.

१६. मुलाने आयसी जाळली आणि 'खराब निघाली' म्हणून परत आणली. काय करायचं?

दहा-वीस रुपयांचा भाग असेल तर वाद न घालता बदलून द्या आणि तो कसा जळला हे त्याला दाखवा. ७८०५ उलटा लावला होता, की ३.३ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्ट दिले होते? पाचशेच्या वरचे बोर्ड विकताना चालू करून दाखवायचे, ऑनलाइन असेल तर पॅकिंगआधी तपासून त्यावर तारखेची चिकटपट्टी लावायची. प्रश्न २ मध्ये धरलेले सहा रुपये यासाठीच आहेत.

१७. कॉलेजने दोन लाखांची ऑर्डर दिली आहे, पैसे 'ग्रँट आल्यावर'. घ्यावी का?

निम्मे आगाऊ मिळत असतील तर घ्या. इथे एक गैरसमज सांगतो, तो महाग पडतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे आणि जुलै २०२१ पासून घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती मिळते. पण व्यापाऱ्यांना तिचा फायदा प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरता आहे. ४५ दिवसांत पैसे न दिल्यास व्याज मागण्याचा एमएसएमई कायद्यातला हक्क निव्वळ माल आणून विकणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे उशीर झाला तर हातात फक्त फोन असतो. जीएसटी मात्र बिल केलं त्या काळात भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. दोन लाखांवरचे ३६,००० खिशातून घालायची तयारी आहे का, हे आधी बघा.

१८. कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी का?

नको. पार्सल न घेता परत आलं की जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी आपल्यावर पडतात. ४७ रुपयांच्या नफ्यात एक परत आलेलं पार्सल तीन-चार ऑर्डर खातं. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारावरचं शुल्क) लागत नाही, त्यामुळे क्यूआरने पैसे घेतले तर गेटवेचे दोन टक्केही वाचतात. ज्या गावात खासगी कुरिअर जात नाही तिथे स्पीड पोस्ट वापरा.

१९. लिथियम सेल, अडॅप्टर आणि वायफाय मॉड्यूल विकायला वेगळी परवानगी लागते का?

मालावर आधीच मान्यता असावी लागते. अडॅप्टर, पॉवर बँक, लिथियमचे रिचार्जेबल सेल यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) सक्तीची नोंदणी आहे, वस्तूवर 'आर' क्रमांक छापलेला पाहिजे. वायफाय, ब्लूटूथ किंवा ४३३ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल आयात करायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए (उपकरणाची मान्यता) लागते. '२.४ गिगाहर्ट्झ परवानामुक्त आहे' हे वापरण्याबद्दल खरं आहे, आयातीला ते लागू नाही. म्हणून ईएसपी३२ सारखे वायफायचे बोर्ड ज्या आयातदाराकडे ईटीए आहे त्याच्याकडून बिलावर घेणं छोट्या दुकानाला सोपं जातं. सुटे लिथियम-आयन सेल १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत. ते रस्त्यानेच पाठवा आणि कुरिअरला खरं सांगा.

२०. चिपटंचाईसारखे भाव एकदम वाढले तर जुना माल जुन्या भावाने विकावा का?

२०२१ मध्ये एटमेगा३२८पी आणि एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरचे भाव अनेक पटींनी चढले तेव्हा हा प्रश्न रोज येत होता. हिशेबाने पाहिलं तर भाव खरेदीवर ठरत नाही, तोच भाग पुन्हा भरायला काय लागेल त्यावर ठरतो. जुन्या भावाने सगळा विकला तर त्या पैशात अर्धाही परत येत नाही. तरी मी एक मर्यादा सुचवतो. प्रोजेक्टसाठी एक-दोन नग नेणाऱ्या विद्यार्थ्याला जुना भाव, पन्नास उचलणाऱ्याला नवा. टंचाई संपते, पण कुणी आपल्याला त्या वेळी कसं वागवलं ते लोक लक्षात ठेवतात.

२१. शिकण्याचं किट बनवून विकलं तर मार्जिन वाढतं का?

वाढतं, आणि पडून राहिलेला मालही त्यात जातो. जास्त उरलेल्या व्हॅल्यूचे रेझिस्टर, पिवळे एलईडी, जुने बझर किटमध्ये शोभतात. दोन गोष्टी सांभाळा. किटमध्ये छापील पुस्तक घालून एकच किंमत लावली तर तो मिश्र पुरवठा ठरतो आणि सगळ्या किमतीवर सर्वांत जास्त दर, म्हणजे १८ टक्के लागतो, पुस्तकावर एरवी कर नसला तरी. पुस्तक वेगळं विकायला ठेवा, वेगळी ओळ करा. दुसरं, आधी पॅक केलेल्या किटवर एमआरपी, नग, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन छापावा लागतो. आयात माल असेल तर मूळ देशही. काउंटरवर ग्राहकासमोर मोजून दिलेल्या सुट्या मालाला हे लागू नाही.

२२. दोन वर्षं न हललेला माल टाकून द्यावा का?

आधी विका, खरेदीच्या खालीही चालेल. तोट्यात विकला तरी जीएसटी प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवरच लागतो आणि घेतलेलं क्रेडिट परत करावं लागत नाही. टाकून दिला, हिशेबातून काढून टाकला किंवा फुकट नमुना म्हणून वाटला तर मात्र त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत भरावं लागतं. म्हणजे १०,००० चा माल भंगारात टाकायचा तर वर १,८०० आणखी. म्हणून शाळेला देणगी द्यायची असली तरी आधी सीएला विचारा. दर तिमाहीला सहा महिने न हललेल्या वस्तूंची यादी काढून 'मिश्र पाकीट, १०० रुपये' अशी विकायला लावली तर डबे मोकळे होतात, रोकड येते आणि नवशिक्यांना भरपूर भाग हाताळायला मिळतात.

२३. नोकरी सोडून पूर्ण वेळ कधी उतरावं?

सलग एक वर्ष, मे महिना धरून, स्थिर खर्च आणि स्वतःचा पगार निघत असेल तेव्हा. आयकरासाठी दोन कोटींपर्यंत, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून कर भरता येतो, प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. योजनेत राहिलात तरी स्वतःची वही ठेवा आणि तिच्यात पॅकिंगला गेलेला स्वतःचा वेळही लिहा. त्याची मजुरी प्रश्न २ प्रमाणे लावल्यावर जे उरतं, तेवढंच नोकरीच्या पगाराशी तोलून बघायचं.